पडद्याचा डॉक्टर व्हायचंय? बारावीपासून रेटिना संशोधनापर्यंतची वाट

ओपीडीत येणारा रुग्ण 'रेटिना' म्हणत नाही, 'दृष्टिपटल' तर त्याहून नाही. तो म्हणतो, "डॉक्टर, माझा पडदा खराब झालाय म्हणे." डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला लागून असलेला, मध्यभागी जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा हा पडदा मधुमेहात सुजतो, त्यातून रक्त गळतं, कधी तो फाटतो आणि भिंतीपासून सुटतो. तो नीट बघणारा, त्यावर शस्त्रक्रिया करणारा आणि त्याचा अभ्यास करणारा डॉक्टर व्हायचं असेल, तर वाट लांब आहे, पण ठरलेली आहे. अकरावी-बारावीतल्या, एमबीबीएस करणाऱ्या आणि नुकतंच नेत्रविभागात पाऊल टाकलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे.

आधी वर्षांचा हिशेब

एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, मग नेत्रशास्त्रात एमएस किंवा डीएनबीची (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) तीन वर्षं आणि त्यानंतर रेटिनाची दीड ते दोन वर्षांची फेलोशिप. बेरीज दहा ते साडेदहा वर्षांची होते. त्यात नीट-पीजीच्या तयारीचं एखादं वर्ष आणि सरकारी महाविद्यालयातून शिकलात तर बंधपत्राची (बाँडची) सेवा धरा. अठराव्या वर्षी आत शिरलेली व्यक्ती स्वतंत्रपणे पडद्याची शस्त्रक्रिया करू लागते तेव्हा वयाची तिशी ओलांडलेली असते. पीएचडी करायची असेल तर आणखी तीन ते पाच वर्षं. घरच्यांशी हे आकडे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. मधल्या काळात पगार किंवा विद्यावेतन मिळतं, पण बरोबरीचे मित्र तोवर घराचे हप्ते भरू लागलेले असतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच तपासून घ्या, ती म्हणजे तुमचे स्वतःचे डोळे. सूक्ष्मदर्शकाखाली काम करताना खोली कळावी लागते आणि त्यासाठी दोन्ही डोळ्यांनी एकत्र बघता यावं लागतं. लहानपणी एक डोळा आळशी राहिला असेल तर ही क्षमता कमी असू शकते. कुठल्याही नेत्रचिकित्सकाकडे ही चाचणी पाच मिनिटांत होते. ती कमी निघाली म्हणून रेटिनाचं दार बंद होत नाही. औषधोपचार, लेझर, इमेजिंग आणि संशोधन एवढं सगळं उरतंच. फक्त एमएसच्या तिसऱ्या वर्षात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

नीट, एमबीबीएस आणि मधल्या सुट्ट्या

वैद्यकीय प्रवेश नीट-यूजीवरच होतो. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्क्यांची प्रक्रिया महाराष्ट्रात राज्याचा सीईटी सेल (प्रवेश परीक्षा कक्ष) राबवतो. इथल्या सरकारी महाविद्यालयातून शिकल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. दंडाची रक्कम आणि अटी ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा, सीनियरच्या आठवणीवर विसंबू नका.

एमबीबीएसमध्ये नेत्रविभागात मोजके आठवडे मिळतात. तेवढ्यात डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपने, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या हातातल्या उपकरणाने, आतली चकती, म्हणजे ऑप्टिक डिस्क, शोधायला शिका. बाकीच्या विषयांचा अभ्यास सांभाळून एक गोष्ट आवर्जून करा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) एसटीएस नावाची योजना आहे. तिच्यात एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन महिन्यांचा छोटा संशोधन प्रकल्प करता येतो. विषय साधा ठेवा. मधुमेहाच्या ओपीडीतल्या किती जणांच्या डोळ्यांची तपासणी वर्षभरात झाली आणि ज्यांची झाली नाही त्यांची का झाली नाही, एवढाही प्रश्न पुरतो. प्रश्नावली बनवणं, परवानगी घेणं, माहिती गोळा करणं आणि ती अपुरी निघाल्यावर काय होतं हे बघणं, असा पहिला धडा या दोन महिन्यांत मिळतो.

एमएस कुठे करायचं

पदव्युत्तर प्रवेशाची दोन दारं आहेत. पहिलं नीट-पीजी, दुसरं वर्षातून दोनदा होणारी आयएनआय-सीईटी. एम्स, चंदीगडचं पीजीआय आणि पुदुच्चेरीचं जिपमर दुसऱ्या दारातून मिळतं. दिल्लीच्या एम्समधलं १९६७ साली सुरू झालेलं डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र याच दारामागे आहे. डीएनबीची पदवी एमएसच्या तोडीची धरली जाते आणि अनेक मोठ्या नेत्ररुग्णालयांत तीच चालते. दोन वर्षांचा डिप्लोमा मिळाला तर त्यानंतर दोन वर्षांची पोस्ट-डिप्लोमा डीएनबी करता येते.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन करा आणि नेमकं विचारा. स्वतःच्या हाताने मोतीबिंदूच्या किती शस्त्रक्रिया झाल्या? टाके न घालता होणारी एसआयसीएस किती आणि ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढणारी फेको किती? विभागात ओसीटीचं, म्हणजे पडद्याच्या थरांची प्रतिमा काढणारं, यंत्र चालू आहे की झाकून ठेवलंय? आठवड्यातून किती दिवस रेटिना ओपीडी असते? रेसिडेंटच्या हाती लेझर देतात का? पुढे रेटिनाच करायचं आहे म्हणून मोतीबिंदूकडे दुर्लक्ष करणारे हमखास अडकतात. फेलोशिपच्या मुलाखतीत तुमचा हात मोतीबिंदूच्या कामावरूनच जोखतात आणि पडद्याच्या कित्येक शस्त्रक्रियांत मोतीबिंदूही सोबतच काढावा लागतो.

पहिलं वर्ष: बघायला आणि काढायला शिका

रेटिनाचा पाया इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप आहे. डोक्यावर दिवा, हातात २० डायॉप्टर ताकदीचं भिंग आणि समोर आडवा झोपलेला रुग्ण. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्याआधी तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत: दृष्टीची नोंद, डोळ्याचा दाब आणि पुढचा कप्पा उथळ तर नाही ना याची खात्री. उथळ कप्प्यात थेंब घातले तर डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याचा कोन बंद होऊन काचबिंदूचा झटका येऊ शकतो. दृष्टीची नोंद आधी केली नाही तर थेंब आणि प्रखर दिव्यानंतर घेतलेल्या नोंदीला काही अर्थ उरत नाही.

थेंबांनंतर वीस-तीस मिनिटं थांबा. भिंगाची कमी फुगीर बाजू रुग्णाकडे, अंतर साधारण पाच सेंटिमीटर. आधी भिंग डोळ्याच्या जवळ धरून लाल झाक पकडायची आणि मग ते हळूहळू मागे ओढायचं, की चित्र भिंगभर पसरतं. नवख्यांची चूक जवळपास ठरलेली असते. भिंग तिरकं होतं, बाहुलीच्या मधून हलतं, लाल झाक जाते आणि मग माणूस घाईने दिवा वाढवतो. दिवा वाढला की रुग्ण डोळा मिटतो आणि पुढची पाच मिनिटं वाया जातात. दिवा कमी ठेवा. करंगळी रुग्णाच्या कपाळावर किंवा गालावर टेकवा, म्हणजे भिंग थरथरत नाही. रोज निदान पाच डोळे पूर्ण, कडेपर्यंत बघायचेच असा नेम ठेवला तर काही महिन्यांत हात बसतो.

आता चित्र. इनडायरेक्टमधली प्रतिमा उलटी असते, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. म्हणून घड्याळासारखे आकडे असलेला तीन वर्तुळांचा छापील तक्ता उलटा करून, म्हणजे १२ चा आकडा रुग्णाच्या पायांकडे करून ठेवायचा आणि दिसतं तसंच काढायचं. सरळ केलं की चित्र आपोआप बरोबर येतं. आतलं वर्तुळ म्हणजे डोळ्याचं विषुववृत्त, मधलं म्हणजे पडद्याची कड आणि सगळ्यात बाहेरचं त्यापुढचा भाग. रंग ठरलेले आहेत. रोहिणी लाल, नीला निळ्या, सुटलेला पडदा निळा, छिद्र लाल आणि त्याला निळी किनार, काचद्रवातलं (डोळ्याच्या पोकळीतल्या जेलीतलं) रक्त किंवा गढूळपणा हिरवा, काळे डाग काळ्याने, पिवळा साका पिवळ्याने.

"आता फोटो निघतात, मग चित्र कशाला?" असं नवीन मुलं विचारतात. उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळतं. पडदा सुटला की तो कुठल्या छिद्रामुळे सुटला हे शोधणं हेच निम्मं काम असतं. लिंकॉफ यांनी १९७१ साली दाखवलं, की पडदा वरच्या डाव्या किंवा उजव्या बाजूने सुटलेला असेल तर ९८ टक्के डोळ्यांत मूळ छिद्र सुटलेल्या भागाच्या सर्वांत उंच कडेपासून घड्याळाच्या दीड तासाच्या आत सापडतं. सुटलेल्या भागाची कड नेमकी काढलेली असेल तर छिद्र कुठे शोधायचं हे ते चित्रच सांगतं. फोटो बघणारा फोटोत आलेलंच बघतो. चित्र काढणाऱ्याला मात्र प्रत्येक तासाच्या जागी जाऊन बघावंच लागतं.

याच वर्षी प्रबंधाचा विषय ठरतो आणि आयसीएमआरच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनपद्धतीवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो केवळ प्रमाणपत्रासाठी उरकू नका, पुढे याच लेखात त्याची गरज लागणार आहे.

फेलोशिप

एमएसनंतर रेटिनासाठी मुख्य पर्याय दोन. एक म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची एफएनबी, तिला वेगळी प्रवेश परीक्षा असते. दुसरा म्हणजे मोठ्या नेत्रसंस्थांच्या स्वतःच्या फेलोशिप. मदुराईचं अरविंद (१९७६), चेन्नईचं शंकर नेत्रालय (१९७८) आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था ही त्यातली मोठी नावं. महाराष्ट्रातही मुंबई-पुण्यात चांगली प्रशिक्षण केंद्रं आहेत. लेखी परीक्षा, मुलाखत आणि काही ठिकाणी हाताची चाचणी घेतात. 'मेडिकल रेटिना' फेलोशिपमध्ये इंजेक्शनं, लेझर आणि इमेजिंग शिकवतात, शस्त्रक्रिया नाही. अर्ज करताना हा फरक नीट वाचा. शेवटच्या सहा महिन्यांत मुख्य सर्जन म्हणून किती व्हिट्रेक्टमी (काचद्रव काढण्याच्या शस्त्रक्रिया) मिळतात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तपासणी शिकवतात का, हे दोन प्रश्न सध्याच्या फेलोला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

हात हळूहळू चढवत नेतात. आधी डोळ्यातलं इंजेक्शन. ०.०५ मिलिलिटर औषध, ३० गेजची सुई, बुबुळाच्या कडेपासून ४ मिलिमीटर. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवलेलं असेल तर ३.५. सुई टोचण्याआधी ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन. सुन्न करणारं जेल आयोडीनच्या आधी लावलं तर त्याचा थर आयोडीनला पृष्ठभागापर्यंत पोहोचू देत नाही आणि जंतू उरतात. टोचताना बोलायचं नाही, कारण तोंडातले जंतू डोळ्यात गेले तर होणारा संसर्ग फार वाईट असतो. रुग्णाला "डोळ्यात इंजेक्शन?" म्हणून धडकी भरलेली असते, त्याच्याशी आधी बोला, सुई हातात असताना नाही.

मग आधी भरलेलं सिलिकॉन तेल काढणं, मग साचलेलं रक्त काढणं, मग ताजा सुटलेला पडदा आणि शेवटी मधुमेहात ओढला गेलेला पडदा आणि मॅक्युलाचं, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचं, छिद्र. त्या छिद्रासाठी जो पापुद्रा सोलतात तो दोन-तीन मायक्रॉन जाडीचा असतो. रंग लावल्याशिवाय तो दिसतही नाही.

चुका बहुतेक साध्या असतात आणि महागात पडतात. गॅसचंच बघा. पडदा भिंतीला दाबून धरायला गॅस भरतात, एसएफ६ असेल तर २० टक्के, सी३एफ८ असेल तर १४ टक्के, बाकी हवा. या प्रमाणात तो फुगत नाही. मिसळायला विसरून शुद्ध सी३एफ८ भरला तर तो चौपट फुगतो, दाब वाढतो आणि पडद्याचा रक्तपुरवठा थांबून डोळा जाऊ शकतो. म्हणून सिरिंज भरणाऱ्याने प्रमाण मोठ्याने म्हणायचं आणि सर्जनने ते परत म्हणायचं. गॅस विरेपर्यंत रुग्णाने विमानप्रवास करायचा नाही. गावाकडच्या माणसाला घाटाचा रस्ताही सांगून ठेवा, कारण उंचीवर गॅस फुगतो. एसएफ६ साधारण दोन आठवड्यांत विरतो, सी३एफ८ ला दोन महिने लागतात.

संशोधन: प्रश्न ओपीडीतून येतो

संशोधक व्हायचं म्हणजे फेलोशिपनंतर काहीतरी वेगळं सुरू करायचं, असा समज आहे. खरं तर चांगले प्रश्न रोजच्या रांगेतच उभे असतात. डोळ्यात टोचायच्या महागड्या रॅनिबिझुमॅब औषधाऐवजी स्वस्त बेव्हॅसिझुमॅब चालेल का, हा साधा खर्चाचा प्रश्न होता. अमेरिकेतल्या सीएटीटी अभ्यासाने २०११ मध्ये म्हातारपणच्या मॅक्युलाच्या आजारात दोन्हींनी दृष्टी जवळपास सारखीच राहते हे दाखवलं.

आपल्याकडे उभ्या राहणाऱ्या प्रश्नाचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या २०१५ सालच्या 'प्रोटोकॉल एस' अभ्यासात वाढलेल्या मधुमेही पडद्याच्या आजारात लेझरऐवजी रॅनिबिझुमॅबची इंजेक्शनं दिली तरी दोन वर्षांनंतरची दृष्टी लेझरपेक्षा कमी नव्हती. पण इंजेक्शन म्हणजे पुन्हा पुन्हा येणं. ऊसतोडीला गेलेला माणूस सहा महिने फिरकलाच नाही तर? लेझरचे १,२०० ते १,६०० ठिपके एकदा देऊन झाले की त्यांचं काम रुग्ण न येताही चालू राहतं. आमचं मत स्पष्ट आहे: ज्याच्या परत येण्याची खात्री नाही त्याला लेझर. पण 'कोण परत येत नाही आणि का' हे मोजणं हा इथे बसूनच करायचा अभ्यास आहे, तो परदेशातून कोणी करून देणार नाही.

प्रश्न मिळाला की क्रम चुकवू नका. आधी आराखडा, मग संख्याशास्त्रज्ञाशी बोलून किती रुग्ण लागतील ते ठरवा, मग नीतिसमितीची मंजुरी आणि उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआयवर (अशा चाचण्यांची भारतीय नोंदवही) नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून ही नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. नंतर ती होत नाही आणि नोंदणी नसलेली चाचणी चांगली नियतकालिकं छापत नाहीत. संख्याशास्त्रज्ञाकडे माहिती गोळा झाल्यावर गेलात तर तो फार तर काय चुकलं तेवढंच सांगू शकेल.

रेटिनाच्या प्रबंधांत तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली, दोन डोळ्यांची. चाळीस रुग्णांचे ऐंशी डोळे म्हणजे ऐंशी स्वतंत्र नमुने नव्हेत. एकाच माणसाची साखर आणि रक्तदाब दोन्ही डोळ्यांना सारखेच छळतात. एकतर चिठ्ठी टाकून प्रत्येकाचा एकच डोळा घ्या, नाहीतर हा संबंध धरणारी संख्याशास्त्रीय पद्धत वापरा.

दुसरी, दृष्टीच्या सरासरीची. एकाला ६/६ दिसतं, दुसऱ्याला ६/६०. अपूर्णांकांची सरासरी काढली तर ०.५५, म्हणजे सुमारे ६/११ येते. लॉगमारमध्ये (दृष्टी मोजण्याची लॉगरिदमवर आधारलेली पट्टी) बदलून काढली तर ०.५, म्हणजे ६/१९. निष्कर्षच बदलतो. म्हणून शक्य तिथे ईटीडीआरएस तक्ता वापरा. त्यात प्रत्येक ओळीत पाच अक्षरं आणि प्रत्येक अक्षराला ०.०२ लॉगमार असतं. 'बोटं मोजतो' किंवा 'हात हललेला कळतो' अशा नोंदींसाठी कुठला आकडा धरणार हे आधीच लिहून ठेवा.

तिसरी, ओसीटीची. पडद्याची जाडी प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळ्या थरापर्यंत मोजतं. एकाच निरोगी डोळ्याचा आकडा जुन्या स्ट्रॅटस यंत्रावर स्पेक्ट्रॅलिसपेक्षा साठ-सत्तर मायक्रॉनने कमी येतो. उपचाराआधी एका यंत्रावर आणि नंतर दुसऱ्यावर मोजलं तर औषधाचा गुण दिसतो की यंत्राचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय आपोआप आखलेली रेषा सुजलेल्या पडद्यात घसरते. प्रत्येक स्कॅन उघडून ती बघा, नुसता आकडा उतरवू नका.

एक्सेलमध्ये एका ओळीत एक डोळा आणि एक भेट ठेवा. उजवा डोळा कुठे 'आरई', कुठे 'ओडी', कुठे 'राइट' असं झालं की शेवटच्या आठवड्यात रात्री जागवाव्या लागतात. प्रतिमांच्या कोपऱ्यात छापलेलं रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक पुसल्याशिवाय कुठेही पाठवू नका, व्हॉट्सॲपवरही नाही. लेखकांची नावं आणि त्यांचा क्रम काम सुरू करतानाच लिहून ठरवा. लेख पाठवायला अखिल भारतीय नेत्र सोसायटीचं 'इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मोलॉजी' ही चांगली पहिली जागा आहे. आठवड्यात स्वीकारतो आणि पैसे भरा असं सांगणाऱ्या ईमेलांना उत्तर देऊ नका.

प्रयोगशाळेतलं संशोधन, जनुकं, पेशी किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता यांकडे ओढा असेल तर पीएचडी करावी लागेल. आनुवंशिक अंधत्वावरचा आरपीई६५ जनुकाचा उपचार अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाला तेव्हापासून हे क्षेत्र वेगाने वाढतंय. यंत्राने मधुमेही पडदा ओळखण्याच्या गूगलच्या २०१६ च्या गाजलेल्या अभ्यासातही भारतीय नेत्ररुग्णालयांतल्या प्रतिमा होत्या. पैशांसाठी आयसीएमआर आणि डॉक्टर-संशोधकांना दीर्घ फेलोशिप देणारी इंडिया अलायन्स या दोन दारांवर आधी थाप मारा. मात्र आठवड्यातले किती दिवस संशोधनाला मिळणार हे नोकरीच्या पत्रात लिहून घ्या. तोंडी आश्वासन ओपीडीच्या गर्दीत टिकत नाही.

नोकरी, परदेश आणि स्वतःचं दुकान

शिकवायचं असेल तर सहायक प्राध्यापकपदासाठी साधारणपणे मान्यताप्राप्त महाविद्यालयातली एक वर्षाची सीनियर रेसिडेन्सी लागते. खासगी संस्थेतली फेलोशिप त्यात धरतीलच असं नाही, आधी विचारा. ब्रिटनमध्ये रुग्ण तपासायला तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत परवान्यासाठी परीक्षा आणि रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते. संशोधक म्हणून जाता येतं, पण तिथे रुग्णाला हात लावता येत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी काम भरपूर आहे. विशेषतः कमी दिवसांची बाळं. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा तर दोन-तीन आठवड्यांतच. उपचार लागला तर तो ७२ तासांत व्हायला हवा. जवळच्या नवजात अतिदक्षता विभागात आठवड्याचा एक वार ठरवून जा. तो वार कधीही चुकवू नका, कारण त्या बाळाकडे पुढच्या वारापर्यंतचा वेळ नसतो.

पहिल्याच वर्षी कर्ज काढून व्हिट्रेक्टमीचं यंत्र घेऊ नका. चार-पाच रुग्णालयांत व्हिजिटिंग म्हणून जा, त्यांची यंत्रं वापरा, कुठे किती पडद्याचे रुग्ण येतात ते मोजा. इनडायरेक्ट, २० आणि ९० डायॉप्टरची भिंगं मात्र स्वतःची हवीत. आणि पहिल्या रुग्णापासून एक फाइल चालू ठेवा: वय, डोळा, दृष्टी, निदान, काय केलं, पुढची तारीख, आला की नाही. शेवटचा रकाना रिकामा दिसला की त्याच संध्याकाळी फोन करायचा.